अलार्मने उठल्यावर पहिला अर्धा तास डोकं बंद का असतंय? पाळीवाल्यांनी सांगा

उद्यमबाग_पाळीवाला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज रविवार म्हणून निवांत बसलोय. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर आहे, गाव येळ्ळूर. पाळ्या आठवड्याला बदलतात, पहिली सहा ते दोन, दुसरी दोन ते दहा, तिसरी रात्री दहा ते सकाळी सहा. आणि आमच्यात फिरतंय ते उलटं, म्हणजे तिसरी झाली की दुसरी, मग पहिली, मग परत तिसरी.

माझा प्रॉब्लेम पहिल्या पाळीचा आहे. साडेचारला अलार्म लावतो. वाजला की उठतो, मी लोळत पडणारा माणूस नव्हे, पण उठून बसलो तरी डोकं अंथरुणातच राहिल्यासारखं वाटतंय. अंग चालतंय, हात तोंड धुतात, पण आत अंधार. आई तोवर उठून भाकऱ्या थापत असते, चहा पुढं करते आणि काहीतरी साधंच विचारते, डब्यात सुकी भाजी देऊ काय आमटी, आणि मी खेकसतो. तेवढ्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं म्हणजे डोंगर उचलायला सांगितल्यासारखा राग येतो. गेल्या महिन्यात एकदा असं काही बोललो की ती काही न बोलता गॅसकडं वळली, आणि रेल्वे गेट ओलांडून गार वारा तोंडाला लागला तेव्हा मला कळलं मी काय बोललो. दिवसभर घशाला आवंढा होता. दोनला सुटलो की पहिलं घरी जाऊन तिच्याशी बोललो, ती म्हणाली असू दे रे, झोपेत होतास. पण मी झोपेत नव्हतो ना, मी उभा होतो, बूट घालत होतो.

आणि हाच मी रविवारी कोण उठवत नाही तेव्हा साडेसहाला आपोआप डोळा उघडतो, तेव्हा आईशी हसून बोलतो, शेजारच्या पोराला गाडीवरून फिरवून आणतो.

मोबाईलवर वाचलं की झोपेची नव्वद मिनिटांची चक्रं असतात आणि चक्र संपताना उठलं तर फ्रेश वाटतं. मग मी गणित मांडलं, नऊला झोपलो तर साडेचारपर्यंत पाच चक्रं, साडेदहाला झोपलो तर चार. बारा दिवस वहीत लिहून ठेवलं. चार दिवस जमलं, आठ दिवस नाही. म्हणजे गणित चुकीचं की मी चुकीचा?

अजून एक सांगतो. तिसऱ्या पाळीत जेवणाच्या सुट्टीत, तीनच्या सुमारास, पाऊण तास डोळा लागला, कुणीतरी हलवून उठवलं, थेट मशीनवर गेलो आणि वेअर ऑफसेट, म्हणजे टूल झिजलं की मशीनला द्यायचा दुरुस्तीचा आकडा, उणे टाकायचा तो अधिक टाकला. आठ जॉब, म्हणजे आठ नग रिजेक्ट. नऊ वर्षांत असली चूक केली नव्हती. सुपरवायझरला काय सांगणार, मला माहीत होतं उणे टाकायचंय, हातानेच दुसरं केलं. ह्यात कुणाला काही कळत असेल तर सांगा, मी मनापासून विचारूलोय.

जुनं_बेळगाव

बाळ, मी निवृत्त शिक्षक, वय ७१. गेली पन्नास वर्षं पहाटे चारला उठतो, अलार्म कधी लावला नाही. ब्राह्म मुहूर्तावर उठणाऱ्याचं मन प्रसन्न असतं हे आपल्या पूर्वजांनी सांगितलंय. सवयीचा प्रश्न आहे. रात्री मोबाईल बंद कर, नऊला झोप, एक महिना नेटाने कर, सगळं सुरळीत होईल. लवकर निजे लवकर उठे हे उगाच म्हणत नाहीत.

उद्यमबाग_पाळीवाला

सर, तुमचं बरोबर असेल, पण एक महिना नेटाने कसं करू, तिसऱ्या आठवड्यात तर मी पहाटे चारला मशीनवर उभा असतो.

रात्रपाळी_सिस्टर

भाऊ, तुमचं वाचून राहवलं नाही. मी स्टाफ नर्स, सोळा वर्षं झाली, त्यातली निम्मी रात्रपाळीत गेली. थोडं लांब होईल, सांभाळून घ्या.

पहिल्यांदा हे सांगते की तुम्ही आईवर खेकसता ते चुकीचं असेल पण त्यात तुमच्या स्वभावाचा भाग कमी आणि मेंदूच्या त्या वेळच्या अवस्थेचा जास्त आहे. ह्याला स्लीप इनर्शिया म्हणतात, झोपेचा अंमल म्हणा. जागं होणं म्हणजे बटण दाबलं आणि दिवा लागला असं नसतंय. मेंदू तुकड्या-तुकड्यांनी उठतो. खालचा भाग, ज्याच्यावर श्वास, हालचाल, सावधपणा चालतो, तो लगेच जागा होतो, म्हणून तुम्ही उभे राहता, बूट घालता. कपाळामागचा भाग, जो विचार करतो, निवड करतो आणि तोंडावर आलेला शब्द अडवतो, तो सगळ्यात शेवटी. झोपेतून उठवलेल्या माणसांच्या मेंदूतला रक्तपुरवठा मोजला तेव्हा हेच दिसलं, पुढच्या भागाला भरून यायला पंधरा-वीस मिनिटं लागली. साधारणपणे हा अंमल पंधरा मिनिटं ते अर्धा तास असतो, झोप आधीच कमी झालेली असेल तर तास किंवा जास्तही. तुमच्या आईचा भाजी की आमटी हा प्रश्न नेमका त्या भागाला होता जो अजून उठलाच नव्हता.

आता चक्रांचं. झोप एकसारखी नसते. डोळा लागतो ती हलकी झोप, मग जरा स्थिर अशी दुसरी पायरी, रात्रीतला जवळपास निम्मा वेळ हिच्यातच जातो, मग गाढ झोप, ज्यात मेंदूच्या लहरी मोठ्या आणि संथ होतात आणि कानाशी भांडं पडलं तरी माणूस हलत नाही. तिथून वर येऊन मग ती झोप ज्यात पापण्यांखाली डोळे भराभर फिरतात, हिला आरईएम म्हणतात, ठळक स्वप्नं जास्त करून हिच्यात. ही १९५३ साली शिकागो विद्यापीठात ॲसेरिन्स्की नावाच्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या क्लाइटमन गुरुजींनी जगापुढं मांडली, आणि त्या विद्यार्थ्याने सुरुवातीला स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ तारा चिकटवून रात्रभर कागदावर रेघा काढल्या होत्या. मला हे फार आवडतं, घरातल्या झोपलेल्या पोराकडं बघताना त्याला कळलं की झोपेत मेंदू गप्प नसतो.

ही एक फेरी सरासरी नव्वद मिनिटांची. सरासरी म्हणजे सत्तर मिनिटांचीही असते आणि एकशेवीसचीही, माणसागणिक वेगळी, आणि एकाच माणसाची एकाच रात्रीत पहिली फेरी आणि चौथी फेरी सारखी नसते. त्यात तुम्ही नऊला आडवे झालात तरी डोळा नऊ वाजून पाचला लागला की चाळीसला हे कुणी मोजलं? म्हणून तुमचं गणित चार दिवस जमलं आणि आठ दिवस नाही. गणित घड्याळाचं होतं आणि झोप शरीराची. ते ॲपवाले चक्रं मोजून अलार्म लावून देतात ते मला पटत नाही, हे माझं मत.

आणि फेऱ्यांच्या आत काय असतं ते रात्रभर बदलत जातं. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात भरपूर, पहाटेकडं ती जवळजवळ संपते आणि आरईएमच्या फेऱ्या लांबत जातात. म्हणून साडेदहाला झोपून साडेचारला उठणारा माणूस जे गमावतो त्यात आरईएमचा वाटा मोठा असतो. दिवसभरातले राग, भीती, अपमान मनात जिरवायला ह्या झोपेची मदत होते असं बरेच संशोधक मानतात. माझा स्वतःचा अनुभव सांगते, सलग चार पहाटा तोडल्या की पाचव्या दिवशी मला पेशंटच्या नातेवाइकाचा साधा प्रश्नही टोचतो.

तुमच्या ऑफसेटचं तर मला अगदी आतून कळलं. पाऊण तासात माणूस गाढ झोपेत उतरतो, तिथून ओढून काढलं की अंमल सगळ्यात वाईट. आणि वेळ तीनची, त्या सुमारास शरीराचं तापमान तळाला चाललेलं असतं, आपलं आतलं घड्याळ सांगत असतं की आता झोपायची वेळ आहे. दोन्ही एकदम. २२ मे २०१० ला मंगळूरला दुबईहून आलेलं विमान धावपट्टी सोडून दरीत गेलं, १५८ माणसं गेली, आठवत असेल. त्याच्या चौकशी अहवालात स्लीप इनर्शिया हाच शब्द आहे. कॅप्टन वाटेत बराच वेळ झोपले होते आणि उठल्यावर उतरायला फार थोडा वेळ होता, त्या अंमलामुळे निर्णय चुकला असावा असं त्यात लिहिलंय. हे लिहितानाही अंगावर काटा येतो. मी त्या दिवसापासून रात्री झोपेतून उठले की पहिली पंधरा मिनिटं औषधाचा डोस एकटी भरत नाही, दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवते.

तुम्हाला एवढंच सांगेन. रात्रपाळीत झोपायचं तर वीस मिनिटं, त्याच्यावर नको, अलार्म लावूनच, आणि उठल्यावर पंधरा मिनिटं मशीनला हात नको. चहा झोपायच्या आधी घ्या, नंतर नको, कॅफीन चढायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तुम्ही उठता तेव्हा ते कामाला लागलेलं असतं.

उद्यमबाग_पाळीवाला

सिस्टर, दोनदा वाचलं. काय बोलू. आमचं मशीन ऑन केल्यावर आधी होम पोझिशनला, म्हणजे ठरलेल्या मूळ जागेला जावं लागतं, तो रेफरन्स घेतल्याशिवाय आम्ही काम चालू करायचं सायकल स्टार्टचं बटण मारत नाही, मारली तर टूल जॉबवर आपटतो. नऊ वर्षं हे मशीनला करूलोय, स्वतःला कधी केलं नाही.

दहावीची_आई_हिंदवाडी

ताई, माझी मुलगी यंदा एसएसएलसीला आहे. क्लासवाले म्हणतात पहाटे चारला उठवून अभ्यास घ्या, त्या वेळी पाठ केलेलं विसरत नाही. मी उठवते, ती पुस्तक धरून बसते पण डोळे नुसते उघडे. रात्री मात्र अकरा वाजले तरी तिला झोप येत नाही, म्हणून मी रोज ओरडते, मोबाईलचं खूळ म्हणते. घरात रोज सकाळी रडारड. सासूबाई म्हणतात हल्लीच्या पोरी आळशी.

रात्रपाळी_सिस्टर

आळशी नाही हो ताई. वयात येताना आतलं घड्याळ पुढं सरकतं, रात्री झोपेचं संप्रेरक मेलाटोनिन उशिरा सुटायला लागतं, सकाळी उशिरा थांबतं. हे जगभरातल्या मुलांमध्ये दिसलंय, विशीच्या आसपास परत मागं यायला लागतं. मोबाईलमुळे भर पडते हे खरं पण मूळ ते नाही. अकराला झोपणाऱ्या पोरीला चारला उठवलं म्हणजे पाच तास. तिच्या वयाला आठ ते दहा तास सांगतात. आणि वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं तेच मुळी झोपेत, अभ्यासानंतरच्या झोपेत. तुम्ही जी पहाट तोडताय ती तिच्या अभ्यासाचाच भाग आहे. साडेसहाला उठवा, गॅलरीत उजेडात उभी करा, आणि रात्री साडेनऊनंतर घरातले ट्यूबलाईट कमी करा, तिचे एकटीचे नाही, सगळ्यांचे.

निपाणीकर_ऊसवाला

राम राम. आमच्याकडं पाळी नाही पण लाईट हाय. थ्री फेज कधी दुपारी तर कधी रात्री, रात्रीची असली की बाराला नाहीतर दोनला येतीया, मोटर चालू करून दारं धरायला जायाचं. बॅटरी, काठी, पायात गमबूट. माझे वडील आयुष्यभर असंच उठले, उठले की घोंगडं अंगावर घेऊन पायरीवर बसायचे, एक शब्द बोलायचे नाहीत, तंबाखू मळायचे, आणि मगच उठायचे. आम्ही पोरं म्हणायचो आप्पा एवढा वेळ का बसत्यात, पाणी चाललंय की वाया. ते म्हणायचे झोपेतल्या माणसाला साप दिसत नाही. एवढंच. आज सिस्टरांचं वाचलं आणि आप्पा पायरीवर बसलेले डोळ्यापुढं आले. त्यांना कुणी शिकवलं असंल?

मी मात्र तसं बसत नव्हतो. दोन वर्षांमागं असाच झोपेतून उठून थेट शेतात गेलो आणि मोटरीच्या पेटीत हात घातला, वरचा खटका पाडायचा राहिला होता. झटका बसून मागं पडलो, वाचलो. त्या दिवशी बायकूनं मला मोटरीकडं एकटं जायाचं बंद केलं, ती संगं येतीया, आणि पेटी उघडायच्या आधी मला विचारतीया, खटका पाडला का. मी पाडलेला असला तरी विचारतीया.

रात्रपाळी_सिस्टर

दादा, वहिनींना माझा नमस्कार सांगा. आम्ही वॉर्डात जे दोघींनी मिळून करतो तेच त्या करतात.

अनगोळ_आयटी

मला एक वेगळंच होतं, हे त्याच्यात बसतं का बघा. पहाटे कधीकधी जाग येते, खोली दिसते, पंखा दिसतो, पण हात पाय हलत नाहीत आणि छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं. ओरडायचं म्हटलं तर आवाज निघत नाही. आजीने दाराला लिंबू-मिरची बांधली, अंगारा लावला. मी बंगळूरच्या कंपनीसाठी घरून काम करतो, रात्री दोनपर्यंत कॉल असतात. कुणाला सांगायची लाज वाटते.

रात्रपाळी_सिस्टर

लाज कसली. आरईएम झोपेत मेंदू शरीराचे मोठे स्नायू ढिले करून ठेवतो, नाहीतर स्वप्नात पळणारा माणूस खरोखर पळाला असता. कधी कधी मन आधी जागं होतं आणि ते कुलूप उघडायचं राहतं, काही सेकंद ते एखाद-दोन मिनिटं. स्वप्न अजून पुरतं सुटलेलं नसतं म्हणून खोलीत कुणी असल्याचा भास होतो. झोप तुटक-तुटक झाली, वेळा बदलत राहिल्या, उताणं झोपलं की जास्त होतं. कुशीवर झोपून बघा. पण दिवसा बोलता-हसता अचानक गुडघ्यातलं बळ जात असेल, किंवा बसल्या जागी झोप आवरत नसेल, तर मात्र मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. आजीने बांधलेलं लिंबू राहू दे, तिच्या जिवाला बरं वाटतं.

खानापूरकर_जंगलवाट

मी झोपेतला तज्ज्ञ नाही पण घड्याळाबद्दल एक सांगतो. आमच्या खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानात तळेवाडीजवळ बारापेडे गुहा आहेत, तिथं एक दुर्मिळ वटवाघूळ राहतं, रॉटनचं वटवाघूळ म्हणतात, जगात फार थोड्या ठिकाणी सापडलंय. गुहेत आत मिट्ट काळोख, तरी वटवाघळं संध्याकाळी वेळेवर बाहेर पडतात. त्यांना कसं कळतं बाहेर सूर्य बुडाला?

ह्याचा अभ्यास आपल्या देशातच झालाय, मदुराईला. एम. के. चंद्रशेखरन म्हणून प्राध्यापक होते, त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तिकडच्या गुहेतली दुसऱ्या जातीची वटवाघळं घेऊन प्रयोग केला. एक वटवाघूळ गुहेत अंधारात पिंजऱ्यात ठेवलं, बाकीची येत-जात होती, तर पिंजऱ्यातलं चोवीस तासांची वेळ बरोबर पाळत होतं, उजेड न बघता. मग तसंच वटवाघूळ रिकाम्या गुहेत ठेवलं, तर त्याची वेळ रोज थोडी थोडी सरकत गेली. म्हणजे घड्याळ आत होतं, पण ते जुळवून ठेवायला एकतर उजेड लागतो नाहीतर आपल्या लोकांचं येणं-जाणं. मी हे वाचलं तेव्हा फार वेळ त्या पिंजऱ्यातल्या एकट्याचा विचार करत होतो. माझा भाऊ गोव्याला हॉटेलात रात्रीच्या कामाला होता, एकटाच खोलीत, दिवसा झोपायचा, सणावारालाही घरी यायचा नाही, आणि दोन वर्षांत माणूस असा उदास होऊन परत आला की घरच्यांनाही ओळखू आला नाही. आता गावात आहे, सकाळी दूध घालायला जातो, बोलायला लागलाय.

जुनं_बेळगाव

काल रात्री हे सगळं वाचलं आणि आज पंचांग घेऊन बसलो, कारण मी जे लिहिलं ते तपासायला हवं असं वाटलं. ब्राह्म मुहूर्त हा घड्याळावर नाही, सूर्योदयावर आहे. सूर्योदयाच्या आधी दोन मुहूर्त म्हणजे ९६ मिनिटांपासून ४८ मिनिटांपर्यंत. आपल्या बेळगावात जूनच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तेव्हा तो मुहूर्त साधारण चार पंचवीसला लागतो. पण जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, म्हणजे मुहूर्त साडेपाचच्या आसपास. मी बारा महिने चारला उठून ब्राह्म मुहूर्त म्हणत होतो ते कधीच बरोबर नव्हतं, हिवाळ्यात तर फारच चुकीचं होतं.

शिवाय भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, तिकडे मिर्झापूरच्या जवळची. बेळगाव साधारण ७४.५ वर. एका अंशाला चार मिनिटं धरली तर आपण सूर्याच्या हिशोबाने ३२ मिनिटं मागं. मुलांना वर्गात हे गणित घालायचो मी, पण स्वतःच्या उठण्याला कधी लावलं नाही. म्हणजे ह्या मुलाचा साडेचारचा अलार्म शरीराला चारचा लागतो. बाळ, मी तुला सवयीचा प्रश्न म्हणालो ते मागं घेतो. तू त्या वेळी उठून कामाला जातोस हेच मोठं आहे.

उद्यमबाग_पाळीवाला

सर, असं नका म्हणू, तुमच्याकडून कळलं म्हणून तर.

तीन आठवडे झाले, काय काय झालं ते लिहितो. पहिली पाळी मागच्या आठवड्यात होती. अलार्म साडेचारचाच, तो बदलता येत नाही. पण झोपायची वेळ आठ-चाळीस केली, गणित सोडलं, जेवढी मिळेल तेवढी. डबा काय द्यायचा ते आई आणि मी रात्रीच ठरवतो. सकाळी ती चहा ठेवते आणि काही बोलत नाही, मी निपाणीच्या आप्पांसारखा पायरीवर बसतो, वीस मिनिटं. पहिल्या दिवशी विचित्र वाटलं, दोघं एकाच घरात आणि गप्प. चौथ्या दिवशी वीस मिनिटं व्हायच्या आधी मीच बोललो, बाहेर धुकं होतं, म्हटलं राजहंसगड दिसत नाही बघ आज. ती बाहेर येऊन बघत उभी राहिली.

कामावर जाताना अंधारच असतो आणि शेडमध्ये शिरलो की सूर्य दोनलाच दिसतो. तर सव्वाआठच्या चहाच्या सुट्टीत मी आता कॅन्टीनमध्ये बसत नाही, गेटबाहेर उन्हात उभा राहून चहा पितो. दोघं-तिघं अजून येऊ लागलेत.

पाळ्या उलट्या फिरण्याबद्दल सिस्टरांना फोरमच्या मेसेजमध्ये विचारलं होतं, त्यांनी सांगितलं ते सगळ्यांसाठी इथं लिहितो. माणसाचं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असतं, सरासरी दहा-अकरा मिनिटं, म्हणून उशिरा झोपणं शरीराला सोपं आणि लवकर झोपणं अवघड. पहिली, दुसरी, तिसरी असं पुढं फिरवलं तर शरीर ओढलं जात नाही, उलटं फिरवलं की प्रत्येक आठवड्यात मागं खेचलं जातं. अमेरिकेत उटाह राज्यात एका खनिजाच्या कारखान्यात पाळ्या पुढच्या दिशेला फिरवून आणि एकेका पाळीवर जास्त दिवस ठेवून बघितल्या, १९८२ साली त्याचा अहवाल आला, कामगारांना ते जास्त मानवलं आणि उत्पादनही वाढलं. हे मी मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही लिहून काढलं, कन्नड आमच्या गोकाकच्या दोस्ताने नीट करून दिलं, आणि सोळा जणांच्या सह्या घेऊन सुपरवायझरकडं दिलंय. त्या आठ जॉबचंही खरं खरं सांगितलं. तो म्हणाला वर बोलतो. बघू.

अनगोळ_आयटी

कॉल बारापर्यंतच घेतो म्हणून मॅनेजरला मेल केली, होकार आला. कुशीवर झोपूलोय. बारा दिवसांत एकदाच झालं, आणि त्या वेळी मला माहीत होतं हे काय आहे, म्हणून भीती वाटली नाही, नुसती वाट बघितली. आजीलाही समजावून सांगितलं, तिने ऐकून घेतलं आणि लिंबू बदललं.

दहावीची_आई_हिंदवाडी

साडेसहाला उठवतेय. रडारड बंद आहे. मार्कांचं नंतर बघू. सासूबाई अजून बोलतात.

उद्यमबाग_पाळीवाला

सिस्टर, आईचा एक प्रश्न आहे, ती शेजारी बसून सांगूलीय. तिचं वय ६३. तिला रोज तीनलाच जाग येते, मला दुसरी पाळी असली, सुट्टी असली तरी. दुपारी जेवून तासभर झोपते. हे बरोबर आहे काय?

रात्रपाळी_सिस्टर

वय वाढलं की गाढ झोप कमी होते आणि घड्याळ मागं सरकतं, म्हणून संध्याकाळी लवकर पेंग आणि पहाटे लवकर जाग. रात्री आठलाच झोपत असतील तर तीनला सात तास होतात, म्हणजे झोप पुरी होतेय, काळजी नको. दुपारची मात्र अर्ध्या तासावर आणा आणि तीनच्या आत. संध्याकाळी सहाच्या सुमारास अंगणात उजेडात बसवा, तो उजेड घड्याळ थोडं पुढं ढकलतो. रात्री लघवीला दोन-तीनदा उठत असतील तर शुगर तपासा. घोरणं मोठं असेल आणि मध्येच श्वास अडकल्यासारखा वाटत असेल तर तेही सांगा, त्याची वेगळी तपासणी असते.

उद्यमबाग_पाळीवाला

घोरत नाही. शुगर सोमवारी तपासतो.

तुमचं सगळं तिला वाचून दाखवलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, मला वाटायचं मी तुझ्या डब्यासाठी उठते. मी म्हटलं आई, जाग शरीराने येत असेल, पण जाग आल्यावर पांघरूण बाजूला करून पीठ कोण मळतं.

ती आत गेलीय, उद्याला दुसरी पाळी, शेंगा भाजायच्या आहेत म्हणे. संध्याकाळी सहाला अंगणात खुर्ची मी टाकतो.